लवंगेच्या वासाचा जवळा

बशीत कडं नव्हतं. जुईलीने बशी उजेडात धरून पाहिली, तिरकी करून पाहिली, डोळे चोळून पुन्हा पाहिली. नाहीच! काचेच्या त्या चपट्या बशीत जिवाणूंचा पांढुरका थर मजेत पसरला होता आणि मधोमध जुईलीने स्वतःच्या हातांनी केलेलं पटल (कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, पारदर्शक आवरण) नुसतं बसून होतं. गेल्या आठवड्यात आत्याने असंच पटल केलं होतं. त्याच्याभोवती कसं स्वच्छ, गोल कडं पडलं होतं! पटलातलं औषध बाहेर झिरपलं, की आसपासचे जिवाणू मरतात आणि तेवढी जागा मोकळी दिसते. इथे मात्र सगळे जिवंत, धडधाकट.

"चिंबोरी, तू मापात काही गडबड केलीस का गं?" तिने विचारलं.

चिंबोरी हा प्रयोगशाळेतला यंत्रमानव. खरं तर यंत्रखेकडाच म्हणा, कारण तो सहा पायांवर तिरका चालायचा. बंदरावरच्या पोरांनीच त्याचं बारसं करून चिंबोरी (खेकडी) हे नाव ठेवलं, आणि तेव्हापासून सगळे त्याला 'ती'च म्हणत.

"माप तेच. तेल तेच. ढवळणं तेच," चिंबोरी म्हणाली आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी धावली. "निकाल वेगळा. मला कळत नाही. मला कळत नाही."

"मला तरी कुठे कळतंय!" जुईलीला रडूच आलं.

रडू यायला कारणही तसंच होतं. जाळ्यातून मासे काढताना तिच्या बाबांच्या पायाच्या अंगठ्यात शिंगाळा माशाचा काटा घुसला होता. आधी कोणी लक्ष दिलं नाही, मग जखम चिघळली. त्या जखमेतले जिवाणू असे निबर झाले होते, की ते रुग्णालयातल्या नेहमीच्या औषधांना जुमानेनात. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "सोमवारपर्यंत पाहू. नाहीतर अंगठा काढावा लागेल." अंगठ्याशिवाय डुलत्या होडीवर पाय रोवून उभं राहायचं कसं? बाबा हसून विषय बदलायचे, पण जुईलीने त्यांना आपल्या पायाकडे एकटक बघत बसलेलं पाहिलं होतं.

बाबांची बहीण म्हणजे तेजश्रीआत्या. पदार्थविज्ञान शिकून ती करंजखोल बंदरावर परत आली आणि बर्फाच्या जुन्या कारखान्यात तिने प्रयोगशाळा थाटली. तिच्या पटलाला रुग्णालयाच्या समितीने परवानगीही दिली होती, पण एका अटीवर. ज्या घाण्यातलं (एका वेळी ओतलेल्या पटलांतलं) पटल जखमेवर लावायचं, त्याच घाण्यातला तुकडा आधी बशीत तपासायचा. आत्याचं पहिलं पटल चाचण्यांतच संपलं. दुसऱ्या घाण्याचं द्रावण तिने जुईलीला सोबत घेऊन ताटल्यांत ओतलं, आणि तेवढ्यात बाबांना ताप चढला म्हणून ती त्यांना घेऊन तालुक्याला धावली. पुढचं सगळं जुईलीने केलं होतं. आणि आता हे असं!

दुपारी आत्या ताप उतरलेल्या बाबांना घरी सोडून परतली. तिने बशी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"गंमतच आहे," ती म्हणाली.

"गंमत कसली, आत्या? मी वाट लावली सगळ्याची!"

"थांब गं. आधी नीट बघ." आत्याने चिमट्याने पटलाचा तुकडा अलगद उचलला. त्याच्या बरोब्बर खाली तुकड्याच्या आकाराची स्वच्छ जागा होती. "खालचे मेलेत, बाजूचे जिवंत आहेत. म्हणजे तुझं पटल अर्धं काम करतंय."

"अर्धं? म्हणजे कसं?"

"गोंधळ वाढला," चिंबोरी म्हणाली.

आत्या स्टुलावर बसली. "हे बघ, पटल कशाचं केलं आपण?"

"कोळंबीच्या सालांचं."

"बरोबर. सालं धुऊन, आम्लात नि अल्कात शिजवून त्यातून कायटोसान नावाची भुकटी काढली. कायटोसान म्हणजे नैसर्गिक बहुवारिक (एकाच प्रकारचे लहान रेणू एकामागे एक जोडून झालेली लांबच लांब साखळी). अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतल्या, की त्यांचं जाळं होतं. त्या साखळ्यांवर धन विद्युतभार असतो आणि जिवाणूच्या अंगावर ऋण. म्हणून जिवाणू साखळीला चिकटतो आणि त्याचं आवरण बिघडतं. पण साखळी पडली जड, ती जागची हलत नाही. जो जिवाणू तिला टेकेल, तोच मरेल."

"आणि बाजूचे?"

"त्यांच्यासाठी तर लवंगेचं तेल घातलं. साबणासारख्या एका पदार्थाबरोबर ते जोरात घुसळलं, की त्याचे बारीक थेंब होतात आणि जाळ्यात अडकून राहतात. मग ते हळूहळू बाहेर झिरपतात आणि लांबच्या जिवाणूंनाही गाठतात. बाबांची जखम खोल आहे, कानाकोपऱ्याची आहे. तिथे हे तेल पोचायलाच हवं."

"पण तेल मी घातलं होतं! तुझ्यासमोरच घातलं!"

"घातलं होतं," चिंबोरीने साक्ष दिली.

"मग गेलं कुठे?" आत्या म्हणाली, आणि आता तिघीही गोंधळल्या.

"जेवून घ्या आधी, उपाशीपोटी डोकं चालत नाही," आईने शेजारच्या घरातून हाक मारली. बाबा ओसरीवर पाय उंच ठेवून बसले होते. पानात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. बाबांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अगं, चटणीत लवंग का घातलीस?"

"लवंग? जवळ्यात?" आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझं काय डोकं फिरलंय? मीठ, मिरची, लसूण. बास!"

जुईलीने घास घेतला. लवंगच! आत्याचा हात ताटातच थांबला. मग ती उठली, जवळ्याचा डबा उघडून तिने नाक आत घातलं आणि तशीच उभी राहिली.

"वहिनी, हा जवळा कुठे सुकवलास?"

"कुठे म्हणजे? मच्छीमार सोसायटीच्या काचेच्या वाळवणघरात. उन्हाने आत भट्टी पेटते, एका दिवसात करकरीत होतो."

जुईलीने हातातला घास खाली ठेवला. "आत्या... माझी पटलंही तिथेच होती."

"पटलं? तिथे?"

"तुझ्या कपाटात सावलीत ती वाळतच नव्हती! दुसऱ्या दिवशीही ओलीच. सोमवार तर जवळ येत होता. मग म्हटलं, वाळवण्यातलं आपल्याला कोण शिकवणार? बोंबील, जवळा, सोडे, सगळं आपण उन्हातच तर सुकवतो. मी ती जवळ्याशेजारी मांडली. कडक ऊन दाखवलं अगदी."

"आणि मला बोलली नाहीस?"

"त्यात काय बोलायचं? उन्हात सुकवलं, हे काय कोणी सांगतं का?"

आत्याने कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं वेडाबाई! लवंगेचं तेल उडून जाणारं असतं. त्याचे रेणू हलके असतात, हवेतून नाकापर्यंत येतात, म्हणून तर आपल्याला वास येतो. ऊन लागलं की ते भराभर उडतात. जाळं राहिलं आणि त्यातलं तेल पळालं! बंद घरात जाणार कुठे? बसलं जवळ्यात."

"गोंधळ मिटला," चिंबोरी दारातून म्हणाली आणि आनंदाने भिंतीवर आपटली.

जुईली मात्र हसली नाही. "सोमवारपर्यंत जमेल?"

"आत्ता ओतलं तर जमेल. चल, ऊठ."

या खेपेला पटल कपाटातच राहिलं, सावलीत, जाळीच्या झाकणाखाली. जुईली सारखी जाऊन बघायची, हात शिवशिवायचे, पण तिने झाकण उघडलं नाही. वाळल्यावर त्याचा तुकडा जिवाणूंच्या बशीत ठेवला आणि रविवारी सकाळी ती बशी बाहेर आली. तुकड्याभोवती कडं होतं, गोल, स्वच्छ, बांगडीएवढं. जुईलीने चिंबोरीचा एक पाय धरून तिला गरागरा फिरवलं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी बशी तपासली, बाबांचा पाय तपासला आणि म्हणाल्या, "बरं, गुरुवारपर्यंत थांबते." मग स्वतःच जखमेवर पटल बसवलं.

गुरुवारी पट्टी सोडताना जुईलीने डोळे गच्च मिटून घेतले. बघायची हिंमत होईना. आणि मग तिच्या नाकाला वास आला. मंद, पण नक्की लवंगेचा.

"आत्या, वास येतोय! तेल अजून आहे, पळालेलं नाही!"

"डोळे उघड आधी," आत्या म्हणाली. तिने जुईलीचा खांदा हलवला.

जखमेच्या कडेला गुलाबी, कोवळी कातडी धरली होती. डॉक्टरीणबाईंनी ती दाबून पाहिली, पुन्हा पाहिली आणि चष्मा काढला. "अंगठा राहतोय," त्या म्हणाल्या. "शेजारच्या खोलीतही असे दोघं आहेत. आणखी किती पटलं करता येतील तुम्हाला?"

जुईलीला एकदम बंदर आठवलं. धक्क्यामागे कोळंबीच्या सालांचा डोंगर साचतो, घाण वास सुटतो, आणि शेवटी कोणीतरी तो समुद्रात ढकलतं.

"पुष्कळ," ती म्हणाली. "पण सावलीत वाळवायला वेळ लागतो."

बाबांनी अंगठा हलवून पाहिला. तो हलला. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तो लवंगेचा जवळा संपवला तर नाहीत ना? घरी गेल्यावर मला तोच हवाय."