दर पंधरा दिवसांनी नव्वद नंबर

आठ नोव्हेंबर १९८३, मंगळवार. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लकडगंजात देवाजी मेश्रामांच्या ऑइलच्या दुकानापुढे चिखलानं माखलेली एक जीप थांबली. ड्रायव्हर उतरला आणि काउंटरवर त्यानं औषधाची एक जुनी बाटली ठेवली.

काउंटरवर देवाजींची मुलगी प्रेमिला होती. तिनं बाटली उजेडाकडे धरली. आत दुधाळ, तपकिरी काहीतरी होतं.

"हे काय, चहा आणला का?"

"डिफरन्शियलचं तेल हाय, बाई. साखर टाकाची राह्यली."

प्रेमिलानं हसू ओठातच दाबलं. बाटलीतला एक थेंब तिनं अंगठ्यावर घेतला, बोटानं चोळला, वास घेतला. जीपच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही एक्सलच्या मधोमध जी एकेक पोटुशी लोखंडी पेटी असते, तिच्यातलं हे तेल. त्यात पाणी शिरलं होतं.

"नदीतून जाता?"

"रोज दोनदा. कन्हान. पलीकडं आमच्या बोअरिंगचा कॅम्प हाय, पुलावरून तिकडं रस्ता नाही." मग त्यानं फळीवरच्या परदेशी डब्याकडे बोट दाखवलं. "साहेब म्हणते सिंथेटिक आण. रसायनापासून बनवते म्हणे, लय दिवस टिकते."

तो डबा कुणीतरी मागवला होता आणि नेलाच नव्हता. दोन वर्षं तो तिथंच होता. विकला गेला असता तर देवाजी खूश झाले असते. पण दुकानाची एक रीत होती – गिऱ्हाईक काय मागते ते नाही, गाडी काय मागते ते द्यायचं.

"ते नाही देत मी," प्रेमिला म्हणाली. "टिकते, पण पाण्यात नाही. आठ दिवसांत त्याचाही चहाच होईन. साधं नव्वद नंबर गिअर ऑइल घ्या, अन् दर पंधरा दिवसांनी बदला."

"म्हणजे मले दर पंधरा दिवसांनी या लागन?"

"हो…"

"चालते मले," तो इतक्या पटकन म्हणाला की आतल्या खोलीत देवाजींनी रेडिओ बारीक केला.

त्याचं नाव रविंद्र. तो दर दुसऱ्या मंगळवारी येऊ लागला. दर वेळी बाटली, अंगठ्यावर थेंब, आणि मग ज्याचा तेलाशी काडीचा संबंध नाही असं बोलणं. डिसेंबरात तिच्या शालीला तेलाचा डाग पडला तेव्हा, "आता गिऱ्हाइकाले दुकान शोधाची गरज नाही, वासानंच येईन," असं तो म्हणाला. "गिऱ्हाईक तर आधीच येऊन राह्यलं," ती म्हणाली… आणि स्वतःच लाजून नरसाळं पुसत बसली.

जानेवारीत एका ट्रकवाल्याकडून तिला कळलं, की कन्हानच्या पुलाजवळ हेच तेल मिळतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला खरं ते सांगणाऱ्या प्रेमिलानं ही एक गोष्ट मात्र पोटात ठेवली.

दहा एप्रिलला, बाराव्या खेपेला, तो बाटली न घेता आला.

"कॅम्प उठला. मेळघाटात चाललो. डोंगरात." तो काउंटरवर नखानं रेघा ओढत होता. "तिथं बी साधंच तेल चालन ना? पंधरा-पंधरा दिवसाले?"

प्रेमिलानं नरसाळं खाली ठेवलं. हो म्हणायचं. एवढंच तर होतं, मग तो येत राहिला असता.

"पाणी आहे तिथं?"

"हाय ना. एक नाला हाय."

"एप्रिलात?"

"…लहान हाय."

"कोरडा आहे का ओला?"

"कोरडा," तो मान खाली घालून म्हणाला.

"ओझं?"

"मागं ट्रेलर. चढ उभा हाय."

"सील? तेल गळते का?"

"मागच्या महिन्यात नवे टाकले."

ती उठली. स्टुलावर चढून तिनं फळीवरचा डबा काढला. पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि त्याच्यापुढे ठेवला.

"उभा चढ, ओझं, ऊन. साधं तेल तापून पातळ होईन, गिअरचे दाते खाऊन टाकन. हे घाला. दोन्ही पेट्यांतलं जुनं पुरतं काढा, मगच. वर्षभर पाहायचं काम नाही."

"वर्षभर!" रविंद्र डब्याकडे साप पाहिल्यासारखा पाहत राहिला. "काहून वं प्रेमिला, थोडंसं खोटं नाही बोलता येत तुले?"

'बाई' गेली होती, 'तुमी' गेलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तेलाच्या बाबतीत नाही."

"अन् बाकीच्या?"

"बोलली ना… कन्हानच्या पुलाजवळ हेच तेल मिळते. जानेवारीपासून माहीत आहे मले. नाही सांगितलं."

रविंद्रला हसू आवरेना. "त्या दुकानाच्या वरच तर खोली हाय माही!"

रेडिओ बंद झाला. देवाजी दारात आले.

"पोरा, आम्ही छप्पन सालचे बौद्ध. तू सावनेरकडच्या कुणब्याचा. माह्याकडून अडचण नाही. पण लग्नाले तुही माय हो म्हणन का?"

"दोन दिवस गावी चाललो काका. इचारतो."

"इचारू नको, सांग," प्रेमिला म्हणाली. मग हळूच – "नीट सांग."

दुपारी एक चाळीसला जीप निघाली. डबा शेजारच्या सीटवर होता.

शुक्रवारी, तेरा तारखेला, संध्याकाळी साडेपाचला रविंद्रच्या गावचे ट्रकवाले रूपराव दुकानात आले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, रविंद्रची आई जयवंताबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. आज सकाळी ट्रकपाशी येऊन त्यांनी एकच विचारलं.

"दुकान कोणत्या दिवशी बंद राह्यते?"

प्रेमिलानं बापाकडे पाहिलं.

"उद्या," ती म्हणाली. "उद्या चौदा एप्रिल. बाबासाहेबांची जयंती. दिवसभर घरीच आहो म्हणा. दुपारी जेवाले या म्हणा."

सव्वासहाला रूपरावांचा ट्रक सावनेरकडे निघाला. जयवंताबाईंचं उत्तर अजून आलेलं नाही.