विनीची पकड

इंग्लंडमधल्या वॉल्सॉलच्या आमच्या स्वयंपाकघराला अजून कातड्याचा वास आहे. मी खोगिरं शिवायचो, माझी बायको विनी बॅगांच्या कारखान्यात होती. तिथल्या यंत्राने तिच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नेलं. ती वारली तरी तिची तपकिरी बॅग दाराजवळच्या खुंटीवर तशीच होती. बॅगेच्या मुठीवर घामाने काळवंडलेले चार बोटांचे ठसे. एक आखूड.

तिची बहीण ग्लॅडिस म्हणाली, "माझ्या पोरीच्या लग्नात मिरवायला ती मला दे. पण निळी करून. माझ्या हॅटला तपकिरी शोभत नाही."

"विनीला निळा आवडायचा नाही."

"विनीला काहीच आवडायचं नाही. तुझ्याशी लग्न केलं हेच नवल!"

मला हसू आलं आणि मी हो म्हणून बसलो.

टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. स्पिरिटच्या बोळ्यांनी जुना रंग उतरवला. कातडं फिकट पडलं, ठसे गेले. बोळे जाळून टाकले. निळ्या रंगाचे हात दिले, वाळल्यावर मेण घासलं. पांढरा रुमाल फिरवून पाहिला. कोरा निघाला.

सकाळी मुठीवर चार तपकिरी ठसे होते. एक आखूड.

पुन्हा उतरवलं, पुन्हा रंगवलं. पुन्हा आले.

ग्लॅडिस आली. "अरे, तेलकटपणाच नीट काढला नाहीस. म्हातारा झालास!" तिने स्वतः मूठ घासली, रंग दिला. वाळेपर्यंत माझ्याकडचा चहा संपवला. "हे बघ. झालं की नाही?"

बॅग उचलून ती निघाली. फाटकापाशी अचानक थांबली, मागून कुणी ओढल्यासारखी.

परत आली. बॅग टेबलावर ठेवली. बाही वर केली.

मनगटावर चार निळे पट्टे. एक आखूड.

"नॉर्मन, धुतल्यावर जाईल ना रे हे?"

"माहीत नाही. पण बॅग आता देणार नाही. कुणालाच."

"ठेव तुझी तुला!"

शेजारी म्हणतात, जाळून टाक. मी तीच घेऊन बाजारात जातो, बटाटे आणतो. लोक बघतात. बघू देत.

परवा घरी येऊन हात धुवायला नळ सोडला. माझ्या हाताच्या पाठीवर चार ठसे होते. निळे नव्हते. मी जाळलेला तो जुना तपकिरी रंग.

मी नळ बंद केला.