हिरकणीने कोरलेला आकडा

पाहुणा वीस मिनिटं उशिरा आला, आणि आला तो गाल चोळत.

"तुमच्याकडून फोनवर तीन नंबरची खोली सांगितली," तो कुरकुरला. "तिथे दातांचा दवाखाना आहे. मी काही बोलायच्या आत खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं. एक दाढ किडलीय म्हणे."

चौकसबाईंनी दिराकडे पाहिलं. "भाऊजी, आपली खोली सहा नंबरची आहे."

"असेल. पण मी आठ दिवस या दाराकडे तोंड करून बसतोय, वहिनी. वरच्या काचेवर ढळढळीत तीन रंगवलाय. माझे डोळे अजून शाबूत आहेत."

वाद घालायला वेळ नव्हता. पाहुण्याचे हात थरथरत होते, आणि हे हात थरथरणाऱ्या माणसाचे नव्हते. बोटं लांब, नखं बेताने कापलेली, अंगठ्यावर जुना घट्टा.

चौकसबाईंचं खरं नाव गावाला आता आठवत नाही. वीस वर्षं खाजगी तपासाचं काम केल्यावर हेच नाव चिकटलं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. घरी बसून बायकोच्या कामात नाक खुपसू लागले, तेव्हा जावेने हात जोडून त्यांना इकडे पाठवलं होतं.

"मला बारीकराव म्हणतात," पाहुणा म्हणाला. "संशोधन प्रयोगशाळेत आहे, एकतीस वर्षं. रोग्याच्या शरीरातला तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे काप काढायचे आणि काचेच्या स्लाइडवर घ्यायचे, हे माझं काम. माझा काप तीन मायक्रॉनचा. तुमच्या डोक्यावरच्या केसाचे उभे वीस काप केलेत, तर त्यातला एक."

"माझ्या डोक्यावर तेवढेच उरलेत," भाऊजी म्हणाले. कोणी हसलं नाही.

"पोटात एक जंतू असतो," बारीकराव पुढे बोलू लागले. "वर्षानुवर्षं राहिला तर काहींना जठराचा कर्करोग होतो. जंतू वेळेवर मारला तर तो टळतो का, हे आम्ही नऊ वर्षं तपासतोय. चौऱ्याऐंशी माणसं. गेल्या आठवड्यात सोमवारी डॉक्टरांनी शेवटच्या चौऱ्याऐंशी स्लाइड वाचल्या. एकीत कर्करोगाची सुरुवात दिसली. बाकी स्वच्छ. नोंद झाली, सहासष्ट नंबर."

"मग?"

"सहासष्ट नंबर म्हणजे एक शिक्षिका. त्यांच्या पोटात पुन्हा दुर्बीण घातली. दोनदा. काही नाही. त्यांच्या मेणाच्या ठोकळ्यातून नवे काप काढले. काही नाही. शेवटी कपाटातली सहासष्टची स्लाइडच परत पाहिली. तीही स्वच्छ!" बारीकरावांचा आवाज चढला. "त्या सोमवारी तिच्यात कर्करोग होता, या बुधवारी नाही. समिती म्हणते, मी ठोकळ्यांची अदलाबदल केली आणि मग चूक झाकायला रातोरात स्लाइड बदलली. उद्या दुपारी बारापर्यंत तसं लिहून द्यायचं. दिलं की नऊ वर्षांचं काम कचऱ्यात. माझी एक स्लाइड खोटी, तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार?"

"आणि नाही दिलं तर?"

"तर मला काढणार. तीन महिने राहिलेत निवृत्तीला. पण ते जाऊ द्या. बाई, मी स्लाइड बदललेली नाही. एवढंच सिद्ध करून द्या."

चौकसबाई उठल्या. "दुसरंही एक आहे, बारीकराव. ती कर्करोगाची स्लाइड कोणाच्या तरी पोटाची आहे. आणि त्या माणसाला तुम्ही सगळ्यांनी कळवलंय की तो ठणठणीत आहे."

बारीकराव गाल चोळायचे थांबले.

प्रयोगशाळेत शिरताच त्यांची चाल बदलली. आपल्या यंत्रापाशी आले आणि हाताची थरथर बंद. चाक फिरलं, पात्यावरून मेणाची फीत सुटली. ती त्यांनी कोमट पाण्यावर सोडली, एक काप काचेवर अलगद उचलला. मग खिशातून लाकडी दांड्याचं टोकदार हत्यार काढून काचेच्या कडेला आकडा कोरला.

"हे काय?" भाऊजींनी विचारलं.

"हिरकणी. टोकाला हिऱ्याचा कण असतो, काच कापायला. वडील खिडक्यांना काचा बसवायचे, त्यांची. बाकीचे पेन्सिलीने लिहितात. ते पुसतं. काचेत कोरलेलं जन्मभर जात नाही. आणि इथे हिरकणी मीच चालवतो, म्हणून तर संशय माझ्यावर."

"कपाटाच्या किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक डॉक्टरांकडे. आता समितीने सील लावलंय. फक्त सहासष्ट नंबर बाहेर आहे. आणि डॉक्टरांचं नि माझं म्हणाल, तर छत्तीसचा आकडा. ते मला हट्टी म्हणतात. मी त्यांना काही म्हणत नाही, पण त्यांना ते कळतं."

भाऊजींनी वहिनींच्या कानाला लागून निकाल दिला, "डॉक्टरच."

शेजारच्या खोलीत स्लाइड रंगवणाऱ्या ताई होत्या. कोपरापर्यंत निळ्याजांभळ्या. चौकसबाईंनी सहासष्टची स्लाइड त्यांच्यापुढे धरली.

"ही तुम्ही कधी रंगवली?"

ताईंनी नुसती नजर टाकली. "त्या रविवारी. चौऱ्याऐंशीच्या घाण्यातली."

"छातीठोक सांगता?"

"अहो, नेहमीचा रंग संपला होता. जुन्या बाटलीचा तळ काढून वापरला, म्हणून सगळ्यांवर तांबूस झाक आली. डॉक्टर त्यावरून बोललेही मला. सोमवारी सकाळी नवी बाटली फोडली, ती झाक गेली. माझ्या हातचा रंग मी ओळखणार नाही होय?"

चौकसबाईंनी मान डोलावली. भाऊजींना त्यात डोलावण्यासारखं काही दिसलं नाही.

डॉक्टर उंच, ताठ, आणि तोंडात घशाची गोळी. आवाज अजून घोगरा होता.

"मी जे पाहिलं ते पाहिलं," ते म्हणाले. "जठराचं अस्तर, त्यात कर्करोगाच्या पेशी, अगदी सुरुवातीच्या. पस्तीस वर्षं हेच बघतोय."

"सहासष्ट नंबर तुम्हीच सांगितलात?"

"सोमवारी मी काय सांगणार? घसा पार बसला होता, अक्षर फुटत नव्हतं. तरी सुट्टी घेतली नाही. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी एका बैठकीत संपवल्या."

"क्रमाने?"

"मुळीच नाही. पत्त्यांसारख्या पिसून. कोण कुठला हे वाचणाऱ्याला कळता कामा नये, असा नियम आहे."

"मग बाकीच्या स्लाइड पुन्हा पाहायला हरकत काय?"

"त्र्याऐंशी स्वच्छ आहेत, नोंद आहे. कर्करोगाची होती ती यांनी फोडून टाकली असणार. सील उद्या समितीपुढेच निघेल."

डॉक्टरांच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, शेजारी दिवा, आणि पलीकडे त्यांच्या समोरासमोर एक खुर्ची. ती खुर्ची कारकुनाची. कारकून म्हणजे वहीसारखा माणूस. सरळ रेघा, कुठे खाडाखोड नाही.

"एरवी साहेब आकडा बोलतात, मी लिहितो," ते म्हणाले. "सोमवारी साहेब बघायचे, मग स्लाइड उजेडात धरून स्वतः आकडा पाहायचे, आणि तशीच धरून ठेवायचे. मी इथून वाचायचो. स्वच्छ असेल तर अंगठा वर, नसेल तर खाली. अंदाजाने एक आकडा लिहिलेला नाही मी! उलटा दिसला की बोट फिरवायचो, साहेब स्लाइड फिरवायचे. बहात्तर वेळा फिरवायला लावली. शेवटी शेवटी साहेब डोळे वटारायला लागले, पण मी सोडलं नाही."

"बहात्तर हे मोजून सांगताय?"

"बारा आपसूक सुलट आल्या. बाकी बहात्तर. मी मोजल्याशिवाय बोलत नाही."

आपल्या खोलीत परत आल्यावर चौकसबाई आपल्या जागी न बसता भाऊजींच्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ दाराकडे बघत राहिल्या. मग खिडकीच्या काचेवर खडूने आकडे लिहू लागल्या, एकपासून. दर आकड्याला बाहेर व्हरांड्यात जायच्या आणि परत यायच्या.

"वहिनी, बरं वाटत नाहीये का?"

"भाऊजी," त्या चौऱ्याऐंशी लिहून हात झटकत म्हणाल्या, "तुमचे डोळे खरंच शाबूत आहेत."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समितीचे तिघे टेबलाशी बसले. पुढे कबुलीचा कागद, कागदावर पेन. बारीकराव उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"स्लाइड बदललेली नाही," चौकसबाईंनी सुरुवात केली. "सहासष्टवर तांबूस झाक आहे. तो रंग रविवारी संपला. म्हणजे ही स्लाइड डॉक्टरांनी पाहायच्या आधीपासून आहे तशी आहे. सोमवारनंतर बनवली असती तर झाक आली नसती."

"मग मी खोटं बोलतो?" डॉक्टर ताडकन म्हणाले.

"नाही. तुम्ही कर्करोग पाहिलात. कारकुनांनी पाहिलेला आकडा लिहिला. बारीकरावांनी बरोबर आकडा कोरला. सगळे खरं बोलतायत, म्हणून तर गोंधळ झाला. खोटं बोलणारा एक जरी असता तर मी कालच घरी गेले असते."

त्यांनी पर्समधून कोरी स्लाइड काढली. तिच्यावर बारीकरावांकडून एक आकडा कोरून घेतला होता. ती स्वतःकडे तोंड करून त्यांनी समितीच्या अध्यक्षांसमोर धरली. "वाचा."

"सहा."

"भाऊजी, इकडे माझ्या बाजूला या. वाचा."

"तीन," भाऊजी म्हणाले आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे आपलं दार..."

"आपलं दार. आकडा बाहेरून रंगवलाय, तुम्ही आतून वाचलात. पारदर्शक काचेवरचा तीन मागून सहा दिसतो आणि सहा मागून तीन. एक, दोन, पाच, सात, आठ, नऊ मागून बघितले तर उलटे आहेत हे लगेच कळतं. शून्य आणि चार दोन्हीकडून सारखे. कारकुनांची खुर्ची डॉक्टरांच्या समोर. डॉक्टर स्लाइड स्वतःकडे तोंड करून धरायचे, म्हणजे कारकुनांना प्रत्येक आकडा मागून दिसत होता. उलटा दिसला की ते फिरवायला लावत. उलटा असूनही सुलट दिसला तर?"

कारकुनांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"मी एक ते चौऱ्याऐंशी लिहून मागून वाचले. मागून सुलट दिसणारे आकडे किती? तीन, चार, सहा. तेहतीस, चौतीस, छत्तीस. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस. त्रेसष्ट, चौसष्ट, सहासष्ट. बारा! मागून अंकांची जागाही बदलते, म्हणून तीस दिसतो शून्य-सहा, चाळीस शून्य-चार, साठ शून्य-तीन; असे आकडे यांच्यात नाहीत, म्हणून तेही फिरवले गेले. कारकुनांनी सांगितलेले बारा आणि हे बारा, एकही कमी नाही, जास्त नाही. इतकी काटेकोर मोजणी नसती तर मला हे सिद्ध करता आलं नसतं."

"मग सगळ्या नोंदी चुकल्या की!" अध्यक्ष म्हणाले.

"बहात्तर बरोबर आहेत. बारांतले चार आकडे मागूनही तेच राहतात: चार, छत्तीस, चव्वेचाळीस आणि त्रेसष्ट. उरले आठ, ते जोडीजोडीने बदलले. तीन आणि सहा. चौतीस आणि सेहेचाळीस. त्रेचाळीस आणि चौसष्ट. या सहाही स्वच्छ, त्यामुळे इकडचं तिकडे होऊन काही बिघडलं नाही. उरली एक जोडी. सहासष्ट म्हणून लिहिलेली स्लाइड डॉक्टरांच्या हातात होती तेव्हा तिच्यावर तेहतीस होता. सील काढा."

सील निघालं. डॉक्टरांनी तेहतीस नंबरची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्यांनी एकदा पाहिलं, भिंग बदलून पुन्हा पाहिलं.

"हीच," ते शेवटी म्हणाले. "हीच मी पाहिली होती."

अध्यक्षांनी कबुलीचा कागद उचलून फाडायला घेतला. "बारीकराव, समिती तुमची..."

"ते राहू द्या हो!" बारीकराव पहिल्यांदाच पुढे झाले. "आधी तेहतीस नंबरला फोन लावा."

दोन दिवस हा माणूस आपल्या नावासाठी झुरत होता. नाव परत मिळालं त्या क्षणी त्याला ते आठवलंही नाही. चौकसबाईंना त्यांचा अभिमान वाटला, आणि तो त्यांनी लपवला नाही. भर समितीपुढे त्यांनी बारीकरावांच्या पाठीवर थाप दिली.

तेहतीस नंबर एक रंगारी निघाला. भिंती रंगवणारा, खणखणीत आवाजाचा. "शिडीवर आहे साहेब, पटकन बोला!"

"आधी खाली उतरा. मी थांबतो," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाठवलेलं पत्र चुकीचं होतं. वाचताना चूक आमची झाली. स्लाइड बरोबर होती. रोग आहे, पण अगदी उंबरठ्यावर. लवकर सापडलाय, आशा मोठी आहे, उद्याच या.

"एवढासा होता तर दिसला कसा?" रंगाऱ्याने विचारलं.

"काप पातळ होता म्हणून. जरा जाड असता तर माझ्या नजरेतून सुटला असता."

"म्हणजे पातळ हात देणारा माणूस आहे तुमच्याकडे. आमच्या धंद्यात शंभरात एकाला जमतं ते. कोणाचं काम हे?"

डॉक्टरांनी बारीकरावांकडे पाहिलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

बारीकरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "माझं," ते म्हणाले. पलीकडे नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "माझं काम आहे ते. तुम्ही उद्या या. मी इथेच आहे."