दुसऱ्या खणातली चिठ्ठी

दुर्बीण रात्रभर जागते, आम्ही दिवसा. सकाळी दहाला ताजे आलेख छापून टेबलावर येतात आणि आम्ही दीर्घिकांना प्रकार नेमून देतो. तशा या सगळ्या एकाच जातीच्या: मधोमध कृष्णविवर, त्यात कोसळणारा तापलेला वायू, भोवती धुळीचं जाडजूड कडं. समोरून पाहिलं तर गाभा दिसतो, आलेखावर रुंद उंचवटा येतो. तो प्रकार एक. कडेने पाहिलं तर धूळ आड येते, उंचवटा नाहीसा. तो प्रकार दोन. फरक दीर्घिकेत नसतो, आपण कुठून बघतो त्यात असतो.

हे मला ताईने शिकवलं. इथे चिकटवलंही तिनेच. प्रत्येक आलेख दोघांनी वेगवेगळा बघायचा, चिठ्ठी कुलपाच्या पेटीतल्या आपापल्या खणात टाकायची आणि दुपारी चारला दोन्ही खण उघडायचे, असा नियम. शंका आली की मी ‘दीड’ लिहायचो. तसा प्रकारही असतो, पण ताईला तो पळपुटेपणा वाटायचा. ‘‘आला दीडशहाणा!’’ म्हणायची. तिने स्वतः कधी दीड लिहिलं नाही.

ती गेली तेव्हा यादीतल्या चाळीस दीर्घिका उरल्या होत्या. शेवटच्या दिवशी तिने मला दोनदा हाक मारली, असं नर्स म्हणाली. मला ती ऐकू आली होती. मी दाराच्या कडेला भिंतीशी उभा होतो. आत जायची छाती झाली नाही. ती माझ्यावर रागावून गेली का, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि आता सांगणारं कुणी नव्हतं.

‘‘एकट्यानेच उरका आता,’’ साहेब म्हणाले.

सवयीने मी चारला दोन्ही खण उघडत राहिलो. आठव्या दिवशी दुसऱ्या खणात चिठ्ठी होती. ताईची बोथट पेन्सिल, ताईचं तिरकं अक्षर. ‘दोन.’ मी ‘एक’ लिहिलं होतं.

आधीच लिहून ठेवली असेल म्हणावं, तर तो आलेख त्याच सकाळी छापला होता. कुणी थट्टा केली म्हणावी, तर किल्ली माझ्या खिशात. मी पेटी माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी.

रोज येऊ लागली, आणि रोज माझ्या उलट. ताई इतकी चुकायची नाही. मग लक्षात आलं, ती चुकत नव्हतीच. जिथे मला कड दिसत होती, तिथे तिला गाभा दिसत होता, आणि जिथे मला गाभा, तिथे तिला कड. त्यासाठी कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर जाऊन बघावं लागतं.

तिसाव्या दीर्घिकेपासून फरक कमी होऊ लागला. एका चिठ्ठीवर चक्क ‘दीड’ होतं. मी टेबलावर डोकं टेकून पोटभर रडलो. रागावलेलं माणूस इतक्या लांबून जवळ येत नाही.

चाळीसाव्या दीर्घिकेवर मी ‘एक’ लिहिलं. चारला खण उघडला. ‘एक.’

साहेब यादी न्यायला आले. उभ्याउभ्याच आलेख चाळले.

‘‘अहो, ही तर दोन आहे! उंचवटा कुठाय इथे?’’

‘‘समोरच आहे, साहेब.’’

‘‘कुठे समोर? गेल्या दहाही उलट्या लिहिल्यात तुम्ही. बरं वाटतंय ना?’’

मी आलेख पाहिला. उंचवटा होता. रुंद, स्वच्छ, बोट ठेवून दाखवावा असा.

म्हणजे ताई जवळ आली नव्हती. मीच तिच्या बाजूला गेलो होतो.

‘‘बरं आहे,’’ मी आवाजाच्या दिशेने म्हणालो. साहेबांचा चेहरा धुळीआड गेला होता.