हाड भरेपर्यंत

ते साल दोन हजार बावीस. गेवराईत जिनिंगपुढे कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि माझी खालची दाढ काढायची ठरली होती. ती काढली की मी कायमची पुण्याला, हरिओमकडे जाणार होते. लेकाने खोलीसुद्धा रंगवून ठेवली होती.

दवाखान्याच्या अरुंद बाकावर टेकले, तर शेजारून आवाज आला, "डावा गाल का उजवा?"

"डावा."

"माजा उजवा. जोडी जमली म्हणायची."

हे बद्रीनाथ. तेलगावचे, माझ्यासारखेच एकटे. इथे लेकीकडे राहून दाताचं औषधपाणी करत होते. सुजलेल्या गालाने हसले की त्यांचा उजवा डोळा मिटायचा… आणि मला वाटायचं, ह्या माणसाने आपल्याला डोळा मारला.

डॉक्टर इरम म्हणजे फळवाल्या जलालुद्दीनची लेक. माझ्याच अंगणवाडीत प-फ-ब-भ-म शिकलेली. "ओठ मिटल्याशिवाय ही अक्षरं निघत नाहीत," असं मी पोरांना ओठांवर बोट ठेवून शिकवायचे. आता ती मला शिकवत होती. दाढ काढली की तिथलं हाड झिजतं, जबड्याची कड खचते, मग नवा दात बसवायला आधार उरत नाही. म्हणून त्याच वेळी खळग्यात हाडाची भुकटी भरून टाके घालायचे आणि हाड धरेपर्यंत चार महिने थांबायचं.

बद्रीनाथ माळकरी. तुळशीच्या माळेला हात लावून त्यांनी विचारलं, "पन हाड कोणाचं हाय?" कारखान्यात बनवलेली भुकटी आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

मी मात्र 'चार महिने' एवढंच ऐकलं होतं. पुणं चार महिने लांबणार… म्हटलं, भर बाई.

माझा नंबर आधी लागला. दाढ निघाली, भुकटी भरली. दातांखाली बोळा धरून मी बाकावर येऊन बसले. ओठ बधिर. बद्रीनाथ जरा सरकले.

"आता तुमाला बोलता येनार न्हाई, म्हणून इचारतो…" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पुण्याला कावून जाता? तेलगावला चला की. माज्या घरी… माज्या होऊन."

मी गांगरले. म्हणायचं होतं — हाड भरू द्या, मग सांगते. पण ओठ जागेवर होते कुठे! 'हाड' तेवढं खणखणीत निघालं. पुढचं सगळं बोळ्यात अडकलं.

त्यांचा चेहरा उतरला. दारातल्या कुत्र्याला हाकलावं तसं झालं होतं ते. उठले, चपला पायात सरकवल्या आणि दाढ न काढताच निघून गेले.

इरमकडे त्यांचा फोन नंबर होता. पण साठीला आलेल्या बाईने तो कोणत्या तोंडाने मागायचा?

गुढीपाडवा जवळ आला. इरमने फोटो काढून पाहिला, म्हणाली, हाड छान भरलंय, बाई. दुसऱ्या दिवशी हरिओम गाडी घेऊन येणार होता. मी बाहेर आले… तर बाकावर बद्रीनाथ.

म्हणाले, रुसून इतके दिवस गोळ्यांवर काढले. शेवटी दुखणं सोसेना, म्हणून काल दाढ काढून हाड भरून घेतलं. आता टाके दाखवायला आले होते.

"घरी गेलो, लेकीला भाकर मागतोय, तर तोंडातून निस्तं 'आकर, आकर'. भ काही निघंना. तवा डोक्यात उजेड पडला…" त्यांनी बाकावर जागा केली. "तुमी त्या दिवशी काय म्हणत होता?"

"हाड भरू द्या, म्हणत होते."

"मंग… भरलं?"

मी ओठ नीट मिटले, अंगणवाडीत मिटायचे तसे.

"भरलं."

बीडला जाऊन आम्ही लग्नाची नोंदणी केली. हरिओम बरेच दिवस बोलला नाही. आता त्या रंगवलेल्या खोलीत दिवाळीला आम्ही दोघं राहतो. इरमने माजलगावात दुसरा दवाखाना काढलाय. बाक तिथेही अरुंदच ठेवलंय तिने. बद्रीनाथांचा दात पक्का बसला, हुरडा खातात.

आणि अंगणात कुत्रं शिरलं, मी 'हाड' म्हटलं, की हे अजून बाजेवरून उठतात, चपला पायात घालतात आणि विचारतात, "भरेपर्यंत थांबू, का जाऊ?"