चार लाख संत्र्यांसाठी जागा

कारंज्याच्या स्टँडवर तिने त्याला आधी ऐकले, मग पाहिले.

फेब्रुवारीची सकाळ होती. बागांमध्ये मृग बहाराची फळे उतरत होती आणि शेजारच्याच ओळींत आंबिया बहाराची पांढरी फुले उमलत होती; संपणे आणि सुरू होणे, दोन्हींचा वास एकाच वाऱ्यावर येत होता. शेतकरी कंपनीच्या पॅकिंग शेडमधला संगणक सांभाळणारी अंकिता वर्ध्याहून येणाऱ्या इंजिनिअरला घ्यायला आली होती. मागच्या टपरीवर कोणीतरी चहात साखर कमी टाकायला सांगितले, आणि स्कूटीची किल्ली तिच्या बोटांत थबकली.

हा आवाज ती आठ महिने फोनवर ऐकत होती. धम्मदीप. काही बिघडले की हाच आवाज, जराही न चढता, तिला मार्ग दाखवायचा. त्याचा चेहरा तिने मनाशी रचला होता. त्या चेहऱ्याला चष्मा नव्हता. या माणसाला होता, आणि चहाच्या वाफेने तो धुकटला होता.

तिने ओळख दिली नाही. त्याने इकडेतिकडे पाहिले, नंबर लावला... आणि दोन पावलांवर तिच्या हातात फोन वाजला.

तो वळला. तिच्याकडे पाहत फोनमध्येच म्हणाला, "उचला न मॅडम."

तिने उचलला. "तुमचा आवाज येत नाई. एकदा बंद करून चालू करा."

शेडमधला पट्टा थांबलेला होता. रोज त्यावरून संत्री घरंगळत जात, वरचा कॅमेरा प्रत्येक फळाचा फोटो काढी, आणि आकार-रंगाप्रमाणे फळ आपल्या खोक्यात पडे. आज फोटो ठेवायला जागाच उरली नव्हती. नियम असा, की दर शनिवारी जुने फोटो पुसायचे. अंकिताने ते पुसले नव्हते.

कारण हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात तानबा नावाचे एक म्हातारे बागायतदार पडद्यासमोर उभे राहिले होते. माझी कोणती फळे लहान ठरली, एवढेच त्यांनी विचारले होते. तिने दाखवली. त्यांनी एकेक फळ ओळखीच्या माणसासारखे न्याहाळले आणि मान डोलावली. तेव्हापासून गावोगावचे शेतकरी आपला माल पाहायला येऊ लागले, आणि हंगाम संपेस्तोवर कोणाचाही फोटो पुसणार नाही, असा शब्द ती देऊन बसली. आज तानबांची शेवटची खेप ट्रॅक्टरवर होती. ते स्वतः उन्हात चाकाला टेकून बसले होते.

"पुसून टाक न पोरी," मॅनेजर अण्णाजी म्हणाले. "संत्री विकायची आहेत आपल्याले. त्यायच्या सोयरिकी जुळवायच्या आहेत काय, फोटो ठेवाले?" दोनपर्यंत पट्टा फिरला नाही, तर आपण स्वतःच्या हाताने सगळे पुसू, असेही त्यांनी बजावले.

तिने धम्मदीपकडे पाहिले. तोही पुसा म्हणेल, अशी तिने मनाची तयारी केली होती.

तो म्हणाला नाही. पडदा उघडून त्याने शांतपणे समजावले, की ज्यात हे फोटो राहतात ते यंत्र लोखंडाचे नाही. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात कल्पिलेले ते दुसरे यंत्र, व्हर्च्युअल मशीन. त्याची डिस्कसुद्धा नेमून दिलेला एक आकडा. दोनशे जीबीचे चारशे करता येतात. मात्र त्याआधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवायला हवी, आणि तिला अडीच तास लागतील.

अण्णाजींना प्रत नको होती, घाई होती.

"साहेब, मधात काही बिघडलं, तर मॅडमनं दिलेला शब्द जाईल," धम्मदीप म्हणाला. "माह्यं काय, मी पाचच्या बसनं निघून जाईन."

अण्णाजी घड्याळाकडे पाहत बाहेर गेले.

मग ते अडीच तास... प्लॅस्टिकच्या दोन क्रेट पालथ्या घालून दोघे बसले. पडद्यावरची निळी रेघ इतक्या हळू सरकत होती, की तिच्याकडे पाहणे म्हणजे एखादी कळी उमलताना पाहणे. अंकिताने संत्रे सोलले. सालीचा बारीक फवारा त्याच्या चष्म्यावर उडाला, आणि त्याने तो तसाच राहू दिला. आठ महिन्यांत तिने अकरा तक्रारी नोंदवल्या होत्या, हे त्याला पाठ होते.

"त्यातल्या तीन खऱ्या नव्हत्या," तो फोडीवरचा धागा काढत म्हणाला.

"दोन," ती म्हणाली. "प्रिंटरची खरी होती."

त्याचा फोन वाजला. बोटे रसाने चिकट झालेली, म्हणून त्याने स्पीकरवरच घेतला. ऑफिसातला सहकारी प्रफुल्ल होता.

"काऊन बे धम्मा, तिथं जाऊन काय करून राह्यला? सर्व्हर तर इथं माह्या टेबलापाशी आहे. इथूनच झालं असतं न."

फोन बंद झाला. बाहेरच्या हायवेवरून एक ट्रक गेला आणि त्याचा आवाज बराच वेळ शेडमध्ये रेंगाळला.

"म्हणजे ते यंत्र इथं नाईच?" तिने विचारले.

"नाई. वर्ध्याजवळ, पिपरी मेघेतल्या ऑफिसात आहे."

"मग तुम्ही काऊन आले?"

त्याने ओठ उघडले — आणि प्रत पूर्ण झाली. एक वाजून वीस मिनिटे. उत्तर तसेच राहिले.

त्याने यंत्र थांबवले, दोनशेच्या जागी चारशे लिहिले, पुन्हा सुरू केले. तिने उत्सुकतेने वाकून पाहिले. आत अजूनही दोनशेच.

त्याने सांगितले, की बाहेरून जागा आली आहे. आतल्याला अजून ते कळलेले नाही. शिवाय जुन्या हद्दीला लागून अडीअडचणीसाठी राखलेला एक छोटा कप्पा आहे. तो बाजूला सरकल्याखेरीज नवी जागा जुनीला जोडली जाणार नाही. सरकवताना चूक झाली, तर प्रत होती; पण प्रतीवरून सगळे परत उभे करायला संध्याकाळ झाली असती, आणि अण्णाजी दारात येऊन उभे होते.

"करू?" त्याने तिलाच विचारले.

"करा."

पडदा काळा झाला. तिचा हात त्याच्या बाहीवर कधी गेला, हे तिला कळले नाही. त्याला कळले, आणि तो हलला नाही. मग पडदा उजळला. चारशे. आणि त्यात, एकाच्याही अंगाला धक्का न लागता, चार लाख संत्री.

पट्टा फिरू लागला. तासाभराने तानबा पडद्यासमोर बसले, सावकाश सारे पाहिले. "हे दोन लहानच होते, पोरी. बरोबर आहे," म्हणाले आणि पागोटे सावरत निघून गेले.

स्टँडवर बस लागली होती. अंकिताने दुपारचा प्रश्न पुन्हा विचारला.

"काल फोनवर तुम्ही म्हणाले, इथले सारेच 'पुसा' म्हणून राह्यले," तो म्हणाला. "तुमचा असा आवाज मी कधी ऐकला नवता. जागा तिकडूनही वाढली असती. पण इथं, तुमच्या बाजूनं 'थांबा' म्हणणारं कोणी नवतं..." तो थांबला. "आणि तुम्हाले पाहायचं होतं."

फुलांचा वास स्टँडपर्यंत आला होता. तिचे घर, त्याचे घर. त्यांच्यामधले अंतर किलोमीटरांत मोजायचे नव्हते, हे दोघांनाही न सांगता ठाऊक होते.

"माह्या घरी सोपं नाई जाणार," ती म्हणाली.

"माह्याही."

"मी लपवून काही करत नाई, धम्मदीप." पहिल्यांदाच तिने नुसते नाव घेतले. "रविवारी पवनारले येते. धाम नदीच्या काठावर. कोणाले भेटाले चालली, ते आईले सांगून येईन."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. तो चढला, खिडकीशी बसला आणि तिच्याकडे पाहतच राहिला. कंडक्टरने कुठे म्हणून विचारले.

"पवनार," तो म्हणाला.

"ही आर्वीवरून वर्ध्याले जाते, भाऊ. पवनारले नाई जात."

खिडकीखाली उभ्या असलेल्या अंकिताला हसू आवरेना. रविवारला अजून चार दिवस होते.