सव्वा किलो

आमची तीन दुकानं, तीही फक्त फोनवर दिसणारी. माझ्या मेणबत्त्या, थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे, बाळांचे कपडे आणि काकांची लाकडी खेळणी. वेगवेगळं कुरिअर कोणालाच परवडेना, म्हणून एक खोली घेऊन सगळा माल एकत्र ठेवला. एकाच पत्त्यावर तिघांचं काही जाणार असेल तर खोका एकच, आणि खर्च वजनाप्रमाणे वाटून. वस्तूंच्या वजनाची बेरीज काट्यावरच्या आकड्याशी जुळल्याशिवाय खोका हलायचा नाही, हा माझा नियम. काका मला काटेवाला म्हणतात. म्हणोत.

त्या दिवशी आक्काने एका नव्या गिऱ्हाईक बाईंसाठी बांधलेला खोका सव्वा किलो जास्त निघाला.

"काटा बिघडलाय तुझा," आक्का म्हणाली.

मी खोका उघडला. दोन झबली, एक खुळखुळा, चार मेणबत्त्या. सगळं यादीप्रमाणे. पुन्हा बंद केला, पुन्हा सव्वा किलो जास्त. बाकीच्या खोक्यांना काटा चोख होता. गाडी दारात खोळंबली होती, वैतागून जाऊ दिला.

आठवड्याने त्याच बाईंची पुन्हा ऑर्डर. मग पुन्हा. त्यांचा खोका मी किंवा काकांनी बांधला की वजन बरोबर, आक्काने बांधला की सव्वा किलो जास्त.

"घड्याळ मनगटात राहत नाही रे हल्ली," आक्का हसून म्हणाली. "न धावता बारीक झाले बघ!"

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही सापडलं नाही. मग मी बेरीज केली. तिने त्या बाईंसाठी बांधलेले नऊ खोके, म्हणजे सव्वाअकरा किलो. आक्काचं वजन बरोबर तेवढंच उतरलं होतं.

तिचा दहावा खोका मी गाडीतून परत आणला.

"हा जाणार नाही. आणि तू यापुढे एकही खोका बांधायचा नाहीस."

"वेड लागलंय का तुला?" तिने खोका ओढून घेतला आणि त्यावर आणखी चिकटपट्टी मारायला लागली.

मी तिच्यासमोरच त्या बाईंना फोन लावला. चांगला जाब विचारणार होतो.

"बाळ्या," पलीकडून आवाज आला, "खोका का अडवलास रे?"

आक्काचा आवाज. देवाशपथ, आक्काचाच. मला बाळ्या म्हणणारं जगात दुसरं कोणी नाही.

"पाठव की लवकर. अशी अर्धीमुर्धी किती दिवस राहू मी इथे?"

"आक्का!" मी ओरडलो. समोरच्या आक्काला.

तिने मान वर केली नाही. तिचे हात खोक्यावर पट्टी ओढत होते, दाबत होते, पुन्हा ओढत होते.

पट्टी केव्हाच संपली होती.